पुढच्या डाव्या चाकातला आवाज

पुंजारामच्या गॅरेजमधून गाडी दुसऱ्यांदा "ओके" होऊन आली आणि तिसऱ्याच दिवशी सकाळी फुलंब्रीच्या रस्त्यावर विशाखाच्या हातातलं स्टिअरिंग डावीकडं ओढलं गेलं. पुढं मक्याची कणसं भरलेला ट्रॅक्टर अचानक हळू झाला, तिनं ब्रेक दाबला, खालून खट्ट असा आवाज आला आणि गाडी रस्त्याच्या कडेच्या मुरमात उतरली. शेजारी बसलेल्या आमरीननं डॅशबोर्डवर दोन्ही हात टेकले होते. गाडी थांबल्यावरही ते तिनं काढले नाहीत.

"हाच ना आवाज?" विशाखानं विचारलं.

"हाच. मी तर कधीची म्हणतेय, मेरी सीट के नीचे से आता है."

दोघी फुलंब्रीच्या एकाच शाळेत शिकवायच्या. मुकुंदवाडीहून विशाखा निघायची, वाटेत आमरीनला घ्यायची. महिनाभर दोघी हा आवाज ऐकत होत्या आणि महिनाभर विशाखा घरी सांगत होती. तिचा नवरा संघपाल रविवारी गाडी काढायचा, तीही जालना रोडच्या गुळगुळीत डांबरावर, गाणी लावून. त्याला कधीच काही ऐकू आलं नव्हतं. "जुनी गाडी हाय, थोडी वाजणारच," असं तो म्हणायचा. पुंजाराम त्याचा शाळेपासूनचा दोस्त. तो म्हणायचा, "वहिनी, तुम्ही लई बारकाईनं ऐकता." म्हणायचा हसून. त्या हसण्यानं विशाखाच्या डोक्यात तिडीक जायची, पण दोन्ही वेळा ती चावी घेऊन गुपचूप परतली होती. मुरमात उभ्या गाडीत बसल्या बसल्या तिला त्या गुपचूप परतण्याचाच जास्त राग आला.

तिथून शाळेपर्यंत तिनं गाडी बैलगाडीच्या वेगानं नेली. शाळा सुटल्यावर दोघींनी ती रिकाम्या मैदानावर घेतली. आमरीननं ओढणी कमरेला खोचली आणि गाडीच्या डाव्या बाजूनं, चाकाकडं कान देऊन चालायला लागली. विशाखानं स्टिअरिंग आधी एका बाजूला पूर्ण वळवून गोल चक्कर मारली, मग दुसऱ्या बाजूला. काही वाजलं नाही. सरळ चालवली, तरी नाही. मग फाटकाजवळच्या गतिरोधकावरून अगदी सावकाश नेली. चाक चढताना शांत होतं. उतरताना खट्ट झालं. मागं घेऊन पुन्हा नेली, पुन्हा खट्ट. थांबता थांबता ब्रेक मारला, तेव्हाही एकदा.

"डावंच," आमरीन वाकून म्हणाली. "उजवीकडून काहीच नाही. कुठंही कसम खाऊन सांगेन."

"आता कसम नको. आता माझ्यासोबत चल."

गॅरेज गाठेपर्यंत ऊन कलायला लागलं होतं. पुंजाराम खुर्चीवर बसून चहा पीत होता. विशाखाला बघून तो उठला.

"या वहिनी. परत काय झालं?"

"परत नाय, तेच. गतिरोधकावरून उतरताना आणि ब्रेक मारल्यावर पुढच्या डाव्या चाकात खट्ट वाजतं. वळवताना वाजत नाय. वेगात घुंई आवाजही येत नाय. आज गाडी रस्त्याखाली गेली. वर उचला आणि माझ्यासमोर बघा."

"दोनदा बघितलीय वहिनी. लिंक रॉड बघितला, नटबोल्ट आवळले."

"चाक वर-खाली धरून हलवून बघितलं?"

पुंजारामनं चहाचा कप खाली ठेवला. "आज पोरं सुट्टीवर हायेत. तुम्ही ठेवून जा, मी संघपालला फोन करतो."

"त्यांना कशाला? गाडी मी चालवते."

तिचा आवाज चढला नव्हता, पण शेजारच्या पंक्चरवाल्यानं मान वळवून बघितलं. आमरीननं तिथली रिकामी खुर्ची ओढली आणि बसली. "हम बैठे हैं, भाई," ती म्हणाली. "जॅक लावा."

पुंजारामनं तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत जॅक लावला. चाक जमिनीवरून सुटल्यावर त्यानं वर एक हात आणि खाली एक हात ठेवून ते आत-बाहेर ढकललं. चाक हललं. थोडंसंच, पण खट्ट वाजलं, आणि तिघांनीही ते ऐकलं.

"बेअरिंग असंल," तो म्हणाला.

विशाखाचे वडील एसटीत ड्रायव्हर होते. सुट्टीच्या दिवशी शेजाऱ्यांच्या जीपखाली सरपटायचे आणि तिला ब्रेकवर पाय ठेवून बसवायचे. ती गाडीत बसली आणि ब्रेक गच्च दाबून धरला.

"आता हलवा."

ब्रेक दाबल्यावर बेअरिंगचा ढिलेपणा झाकला जातो, हे पुंजारामला सांगायची गरज नव्हती. त्यानं हलवलं. चाक तसंच हललं, म्हणजे बेअरिंग नव्हतं. मग तो टॉर्च घेऊन खाली वाकला आणि बराच वेळ वर आला नाही. उठला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं.

"चाकाला खालून धरणारा बॉल जॉइंट गेलाय," तो म्हणाला. "रबर फाटलंय, आत ग्रीस नाय. वहिनी, हा निसटला असता तर चाक आडवं झालं असतं."

आमरीन खुर्चीतून उठली. "या अल्लाह," ती हळूच म्हणाली.

"दोनदा गाडी तुमच्याकडं ठेवली," विशाखा म्हणाली. "दोनदा. चाक हलवून बघायला किती वेळ लागतो हो? गाडी उचलली तरी होती का?"

पुंजारामनं फडक्याला हात पुसले, पुसलेले हात परत पुसले. मग म्हणाला, "पहिल्या टायमाला उचलली होती. दुसऱ्या टायमाला नाय. संघपालचाच फोन आला होता. म्हणला, तिला उगाच भास होतो, धुऊन पुसून दे, काम केलं म्हणून सांग."

विशाखाला आधी नीट कळलंच नाही. कळलं तेव्हा कानशिलं तापली. पुंजाराम आळशी निघाला, खोटारडा निघाला, त्याच्यावर ओरडता आलं असतं. पण रोज रात्री शेजारी जेवायला बसणारा माणूस तिच्या मागं फोन करून तिला भास होतो म्हणून सांगत होता, आणि ती दुसऱ्या दिवशी आमरीनला शेजारी बसवून त्याच गाडीतून निघत होती.

"जॉइंट आत्ता आणा. मी इथंच बसते," ती म्हणाली. "आणि त्यांना फोन लावा. या म्हणावं."

संघपाल आला तेव्हा जुना जॉइंट बाकड्यावर पडला होता आणि नवा बसत होता. विशाखानं तो जुना तुकडा उचलून त्याच्या तळहातावर ठेवला. बोटानं ढकललं की आतली गोळी सैल लोळत होती.

"हा भास," ती म्हणाली.

संघपालनं पुंजारामकडं बघितलं. पुंजाराम गाडीखाली होता.

"मला वाटलं, काही नसंल," संघपाल म्हणाला. "तू रोज तेच बोलायचीस."

"रोज वाजत होतं म्हणून रोज बोलत होते. तोंडावर म्हणला असता तर भांडले असते. पाठीमागून माझी किंमत काढली तुम्ही, आणि तीही याच्याजवळ."

"चुकलं माझं."

"व्हय, चुकलं. हिलाही सांगा. तिच्या घरी दोन लेकरं हायेत."

संघपाल आमरीनकडं वळला. "ताई, मला खरंच..." एवढंच तो बोलला. आमरीननं मान हलवली, पण ठीक आहे असं काही ती म्हणाली नाही.

परतताना गाडी विशाखानंच चालवली. संघपाल त्याच्या मोटारसायकलवर मागं येत होता. आमरीनला घरी सोडलं. मुकुंदवाडीच्या खड्ड्यांवरून गाडी मुकी चालत होती, आणि त्या शांततेनं तिचा राग शांत व्हायचा सोडून जास्तच भडकत होता. इतकं सोपं काम होतं हे. कुणीतरी एकदा चाक हलवायचं होतं, बस.

घरी संघपालनं न सांगता कुकर लावला. ती जेवली आणि वह्या तपासायला बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गाडीजवळ येऊन म्हणाला, "चाकांची अलाइनमेंट करून घ्यावी लागंल. मी नेऊ का?"

"नको," ती म्हणाली. "मी दुसरं गॅरेज बघितलंय."

तिनं गाडी गल्लीबाहेर काढली. आमरीन नेहमीच्या कोपऱ्यावर उभी होती.