प्रश्न सातवा

'डॉक्टरांचे मनःस्वास्थ्य' ही कार्यशाळा सक्तीची होती; गैरहजर राहणाऱ्याची एक रजा कापली जाणार होती. ताण हलका करण्याचा याहून शास्त्रशुद्ध मार्ग रुग्णालयाला सुचला नसावा.

निवासी डॉक्टर वर्षाराणीच्या ड्यूटीचा तो एकतिसावा तास होता. पुण्याहून आलेले व्याख्याते दीर्घ श्वास शिकवत होते आणि तिचा पाय खुर्चीखाली सारखा हलत होता. मग प्रश्नावली आली. ती निनावी होती. म्हणून वर फक्त हजेरी क्रमांक लिहायचा होता.

"सगळीकडं 'नाही' लिही," मागून तिचा सीनियर विजयसिंह पुटपुटला. "हो लिहिलंस की समुपदेशन. समुपदेशन म्हंजे रविवार गेला."

ती सातव्या प्रश्नाशी अडली: थकव्यामुळे उपचारात चूक झाली का? त्याच सकाळी तिने इन्सुलिन चारऐवजी चाळीस युनिट लिहिले होते. सिस्टर अंजनाने सिरिंज भरण्याआधी कागद तिच्यापुढे धरला होता. "मॅडम, म्हाताऱ्याला थेट वर धाडताय व्हय?"

वर्षाराणीने 'हो' लिहिले.

तासाभरात विभागप्रमुख डॉ. अतुल यांनी तिला खोलीत बोलावले. टेबलावर तिचा कागद होता, शेजारी एक कोरा.

"परीक्षा मार्चमध्ये ना तुमची? हा परत भरा. विभागाची सरासरी बिघडते."

"सर, आज रात्री माझ्या जागी दुसऱ्या कुणाला लावाल का? मला चार आणि चाळीस सारखेच दिसायला लागलेत."

"आम्हीही छत्तीस-छत्तीस तास उभे राहिलो, डॉक्टर. कुणी मेलं नाही."

"पेशंटही नाही?"

सरांनी पेपरवेट उचलून पुन्हा होता तिथेच ठेवला. तिने कोरा कागद ओढला आणि सातव्या प्रश्नापुढे पुन्हा 'हो' लिहिले. त्याखाली लिहिले: आज रात्री औषधे लिहिण्यास मी सक्षम नाही, विभागप्रमुखांना कळवले आहे. वेळ टाकली, नाव टाकले, सही केली.

"पोच द्या, सर."

पोच म्हणजे एक सही. या सहीशिवाय सरकारी इमारतीत कुणी काही सांगितलेच नाही असे ठरते, आणि सहीनंतर मात्र सांगितलेले विसरता येत नाही. सरांनी पेनाचे टोपण काढले, पुन्हा लावले, आणि शिपायाला सांगून विजयसिंहाला बोलावून घेतले.

"आज रात्रीचा वॉर्ड तुम्ही सांभाळा."

विजयसिंहाने टेबलावरचा कागद उभ्या उभ्याच वाचला. वाचायला त्याला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

"मी काल सकाळपासनं हाय, सर," तो म्हणाला. "मलाबी एक कोरा कागद द्या की."

"फॉर्म संपलेत."

"मग ह्याच्याच खाली लिहितो." त्याने लिहिले आणि सही केली.

"आणि रात्री वॉर्डात कोण उभं राहणार?" सरांचा आवाज चढला.

खोलीत त्या दोघांशिवाय एकच डॉक्टर होता, आणि दोघेही त्याच्याकडे पाहत होते.