सेपरेटर कुणी काढला?

आमच्या गॅरेजात एक नियम होता. चाकामागे सेपरेटर लटकत असेल, तर त्या गाडीला दुसऱ्याने हात लावायचा नाही.

सेपरेटर म्हणजे दोन जबड्यांचं लोखंडी अवजार. स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा बॉल जॉइंट गंजला, की हाताने काही सुटत नाही. मग जबडे अडकवायचे आणि त्यांचा बोल्ट पिळत जायचा. आमच्या ह्यांची पद्धत अशी, की जॉइंटचा नट पुरता काढायचा नाही, शेवटच्या आट्यांवर ठेवायचा. म्हणजे सुटताना अवजार अंगावर उडत नाही. ताण देऊन खुशाल चहाला जायचं. कधीतरी मागून फट्‌कन आवाज येई आणि जॉइंट मोकळा होई.

“वहिनी, दादा रुसला की त्यालाही हेच लावत जा,” धाकटे दीर म्हणायचे.

“तुमचे दादा गंजातले नव्हेत, वेल्डिंगमधले आहेत,” मी म्हणायची. दोघे भाऊ हसायचे. एरवी एकाने काम अर्धं ठेवावं, दुसऱ्याने न विचारता पुरं करावं, असं त्यांचं चाले. त्याचं मला फार कौतुक होतं.

त्या दिवशी वन्संची गाडी आली होती. दुपारनंतर त्या आणि त्यांचे यजमान डोंगरापलीकडच्या गावी निघणार होते, आणि सुट्टी म्हणून आमच्या लेकीला बरोबर नेणार होते. ह्यांनी जुना जॉइंट बदलायला सेपरेटर लावला, ताण दिला, पण तो हट्टी काही सुटेना. शिव्या घालून हे जेवायला घरी आले.

संध्याकाळच्या चहाचा थर्मास घेऊन मी गॅरेजात गेले, तेव्हा गाडी निघून गेली होती. थर्मास ठेवायला टेबलावर जागा करताना एक लहानसा खोका हाताला लागला. सीलही फोडलेलं नव्हतं.

“हे काय राहिलंय इथे?” मी विचारलं.

ह्यांनी खोक्याकडे पाहिलं, मग भावाकडे. “तू नवीन जॉइंट बसवलास ना?”

“मी? मी कशाला बसवू?”

“मग सेपरेटर कुणी काढला?”

“त्या टेम्पोसाठी हवा होता. म्हटलं, तुझा तसाही सुटत नाहीये, जरा वेळ काढतो.” भाऊजींनी हातातला पाना खाली ठेवला. “चाक तू चढवलंस, दादा?”

हे जेवून आले तेव्हा सेपरेटर पुसून फळीवर ठेवलेला होता. भावाने काम उरकलं असणार, असं धरून ह्यांनी वाकूनही न पाहता चाक चढवलं होतं. म्हणजे जुनाच जॉइंट, दोन आट्यांवरचा नट, त्याला अडवणारी पिनही नाही, आणि पुढे वळणांचा रस्ता. माझी पोर त्या गाडीत होती.

तेव्हा कुणाच्या खिशात फोन नव्हते. खोका आणि सेपरेटर घेऊन आम्ही तिघं त्याच टेम्पोतून निघालो. भाऊजी चालवत होते. प्रत्येक वळणावर मी आधी कठड्याकडे बघायची, तुटलेला तर नाही ना.

अर्ध्या डोंगरावर, पाण्याच्या टाकीशी गाडी उभी दिसली; रेडिएटरमध्ये पाणी भरायला थांबली होती. लेक टाकीवर बसून पाय हलवत होती. तिला पोटाशी धरलं, तर म्हणते, “आई, तू पण येतेयस?”

हे थेट गाडीखाली शिरले. नट कुठे पडला होता कोण जाणे. जॉइंट नुसत्या गंजावर चिकटून होता. ज्याला दुपारी शिव्या घातल्या, त्यावरच तीन जीव चालले होते.

वन्संचे यजमान खाली वाकले. “झालंय तरी काय?”

भाऊजी तिथेच उभे होते.

“माझी चूक झाली,” गाडीखालून हे म्हणाले. “न बघता चाक चढवलं.”

सेपरेटर लावून त्यांनी जॉइंट सोडवला, नवा बसवला, नट आवळला, पिन घातली. पकड मी धरली. भाऊजी पुढे आले, तर हे नुसतं म्हणाले, “राहू दे.”

निघताना लेक गाडीत बसेना. “बाबा, तुम्हीही चला.” मग हे तसेच, ग्रीसच्या कपड्यांनी, पुढच्या सीटवर बसले.

परतताना टेम्पोत मी आणि भाऊजी.

“दादाने माझं नाव का नाही घेतलं?”

“त्यांनाच विचारा.”

“चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं, वहिनी.”

त्यांनी कधी विचारलं नाही, ह्यांनी कधी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र भाऊजींनी पुरी केलेली प्रत्येक गाडी बाहेर पडण्याआधी हे तिच्याखाली जायचे आणि एकेक नट चाचपायचे. भाऊजी दाराशी उभे राहून हात पुसत ते बघायचे. असे किती दिवस बघणार? वर्ष सरायच्या आत त्यांनी दुसऱ्या गॅरेजात काम धरलं. जाताना माझ्या पाया पडले. हे आत, कुठल्याशा गाडीखाली होते. हाक मारली तरी बाहेर आले नाहीत.