चार बोटं उंच झालेली बस

मित्रांनो, मी एक जुनी बस आहे. निळा रंग, गोल दिवे आणि टपाखाली दोरीची घंटा. तीस वर्षं मी रस्त्यावर होते. शाळेची पोरं, भाजीच्या टोपल्या, नवरा-बायकोची भांडणं, सगळं वाहिलं. पहिल्या फेरीला माणसं दाटीवाटीने उभी राहत, तेव्हा चाकांवरचे माझे स्प्रिंगचे पाटे दबून कुरकुरायचे. मला वाटे, जरा कमी माणसं भरली तर काय बिघडेल?

मग नव्या बस आल्या आणि माझी रवानगी एका शेडमध्ये झाली. टायर बसले. गाद्यांत उंदरांनी संसार थाटला. बारा वर्षं कुणी घंटेची दोरी ओढली नाही. फार एकटं वाटायचं.

एका रविवारी दार करकरलं आणि माझा जुना मिस्त्री आत आला. तो आता निवृत्त झाला होता. सोबत शिवणकाम करणारी त्याची थोरली बहीण आणि माझे कंडक्टर काका. वर्षभराने शेड भाड्याने जाणार होती. मालकाने बजावलं होतं, तोवर बस स्वतःच्या चाकांवर बाहेर पडली तर तुमची, नाहीतर भंगारात.

तिघं दर रविवारी फुकट राबले. मिस्त्रीने इंजिन खोललं, ताईंनी गाद्या शिवल्या. काकांनी घंटा घासली आणि येता-जाता वाजवून ताईंचं डोकं उठवलं. नवे पाटे, नवे टायर आले. शेवटच्या दिवशी सकाळी माझं इंजिन धडधडलं, तेव्हा मिस्त्रीने चष्मा पुसायच्या निमित्ताने डोळे पुसून घेतले.

मी ऐटीत दारापर्यंत आले आणि थांबले. माझा टप दारावरच्या लोखंडी तुळईपेक्षा चार बोटं उंच होता.

"मोजलं कुणी होतं?" ताईंनी विचारलं.

"मीच," मिस्त्री म्हणाला. "पण तेव्हा टायर बसलेले होते, जुने पाटेही दबलेले."

"जन्मभर गाड्या दुरुस्त केल्यास आणि हवा भरली की गाडी वर उचलली जाते, हे विसरलास?"

मिस्त्रीने हवा सोडली. दोन बोटं कमी झाली. आणखी सोडली असती तर टायर फाटले असते. दुपारी भंगारवाला येणार होता.

काका मात्र हसत होते. "मिस्त्री, ही रिकामी कधी धावली होती का? माणसं भर, आपोआप खाली बसेल."

ते रस्त्यावर गेले आणि जुन्या आवाजात ओरडले, "चला, चला, पुढे सरका, जागा आहे!" न्हावी आला, त्याच्यामागून एका गालाला साबण लावलेलं त्याचं गिऱ्हाईक आलं. दूधवाली आली, शेजारच्या शाळेचे मास्तर आले, लेकरं कडेवर घेऊन आया आल्या. साठ माणसं झाली. माझे पाटे कुरकुरले. इतकं सुख मला कधी झालं नव्हतं.

काकांनी दोनदा घंटा वाजवली. टपाला एक बारीक ओरखडा उठला आणि मी उन्हात आले. साबणवाल्यासकट कुणीही उतरायला तयार होईना. मग काय, मिस्त्रीने हवा भरली आणि सगळ्यांना एक चक्कर मारून आणली.

तो ओरखडा ताईंना रंगवायचा आहे. काका रंगवू देत नाहीत.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जरूर पुसा, तेलपाणी करा, पण कोपऱ्यात ठेवू नका. मी दर रविवारी शेडबाहेरच उभी असते. या, पुढे सरका, जागा आहे.