हरवलेल्या सासूबाईंसाठी सूचना

माइकवरचा स्पंज एका बाजूने कुरतडलेला होता – उंदराने म्हणावं तर या मॉलमध्ये उंदरांनाही खायला उरलं नव्हतं. बहुधा तिच्याच नखांनी, रिकाम्या दुपारी... पूर्वी दुपार रिकामी नसे. पूर्वी सूचना देण्याच्या या काचेच्या खोलीबाहेर हरवलेली पोरं ओळीने रडत बसत, आणि तिने बटण दाबून "लाल शर्ट, एकाच पायात बूट, नाव विचारलं तर 'बाळ' म्हणतो" असं सांगितलं की तिन्ही मजले क्षणभर थबकत आणि कुठूनतरी एक आई पिशव्या सांडत धावत येई. मग पलीकडे याहून मोठा मॉल उभा राहिला, मग लोक सगळं घरबसल्या मागवू लागले, एकेक शटर खाली आलं आणि पोरं हरवायची बंद झाली. हरवायलाही गर्दी लागते. तरी ती रोज दुसऱ्या मजल्यावरच्या बुटांवरची सूट जाहीर करत राहिली – बुटांचं दुकान उठून गेल्यावरसुद्धा, कारण 'आता पुरे' असं तिला कुणी म्हणालंच नव्हतं.

शेवटी काल तेही सांगून झालं: उद्यापासून स्पीकर बंद. म्हणून तर आज हट्टाने सासूबाईंना बरोबर आणलं. एकदा, निदान एकदा, त्यांनी आपल्याला ऐकावं... घरी त्यांचे कान मोठे सोयीचे: शेजारणीची कुजबुज भिंतीपलीकडून टिपतील, पण सुनेने समोर उभं राहून हाक मारली तरी "काही म्हणालीस का?" आणि आता "जरा पाय मोकळे करून येते" म्हणून गेल्या त्या गेल्याच.

"ताई, आजी हरवल्या वाटतं," रखवालदार दारातून आशेने म्हणाला. "पुकारा की. किती दिवस झाले, कुणी हरवलंच नाही."

तिने बटण दाबलं. "एक वयस्कर बाई... करडा स्वेटर, उंची बेताची, स्वभाव –" जीभ अडली. सगळ्या मजल्यांना ऐकू जाणार होतं. "...स्वभाव सांभाळून घेणारा. आई, असाल तिथून कार्यालयात या."

आवाज रिकाम्या मजल्यांवरून फिरून परत आला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर सासूबाई दिसल्या – दुसऱ्या मजल्यावर, स्पीकरच्या बरोबर खाली, बाकावर, मान वर करून. त्यांनी स्वेटरचं वरचं बटण लावलं, केस नीट केले. जागच्या हलल्या मात्र नाहीत.

"ऐकलं ना त्यांनी? मग येत का नाहीत?" रखवालदाराने विचारलं.

"ऐकतायत," ती म्हणाली.

तिने पुन्हा बटण दाबलं. हातात माइक आणि समोरून उलट उत्तर यायची सोय नाही – अशी संधी पुन्हा कुठली! माहेरच्यांना हसलात ते, चारचौघांत मला मुकी म्हणालात ते... सगळं ओठांशी आलं आणि तिथेच लाजून बसलं. राग शोधूनही सापडेना. सवयीने तोंडातून निघालं, "दुसऱ्या मजल्यावर... बुटांवर भरघोस सूट."

पडद्यावर सासूबाईंनी वळून बंद शटरकडे नीट पाहिलं, स्पीकरकडे पाहून मान हलवली आणि पुन्हा सावरून बसल्या.

तिला हसू फुटलं, पाठोपाठ डोळे भरून आले. बोट बटणावरच होतं. इतकी वर्षं बोलायचं साठवून ठेवलेलं, आणि आता कुणीतरी ऐकायला बसलेलं असताना तिला काय बोलावं तेच सुचेना.