फळ्यावरचा खोटा वाघ

मित्रांनो, मी एक जुना काळा फळा आहे, पण शाळेतला नव्हे. नागभीडपासून बारा किलोमीटरवर आमचे गाव आहे. तिथल्या बसथांब्याजवळ पेपरच्या टपरीला मी टेकून उभा असतो. लहानू सुताराने मला सागाच्या फळ्या जोडून घडवले. बापूराव पेपरवाल्यांनी काळा रंग दिला आणि वर पांढऱ्या अक्षरांत लिहिले, 'आजच्या बातम्या'.

तेव्हा गावात वाचणारे थोडे होते. पहिल्या बसने पेपरचा गठ्ठा यायचा. बापूराव तो सोडायचे आणि चार मोठ्या बातम्या खडूने माझ्यावर उतरवायचे. धान लावायला निघालेली माणसे थांबायची. एकजण मोठ्याने वाची, बाकीचे ऐकत. मला फार नवल वाटे. जे गाव मी कधी पाहणार नव्हतो, तिथला पूर माझ्या अंगावर यायचा! बापूरावांचा एक नियम होता. गावची बातमी असेल, तर स्वतः जाऊन पाहिल्याशिवाय ते लिहीत नसत.

बापूराव गेले आणि त्यांची सून नीलाबाई टपरी पाहू लागली. तिचे अक्षर टपोरे. लोक म्हणत, "बाई, तुमचं लिहिलेलं चष्म्याबिगर वाचता येते."

मग प्रत्येकाच्या हाती फोन आला. त्याच्या आत बातम्या कोण लिहिते, खडू कुठे ठेवते, हे मला अजून कळलेले नाही. माझ्यासमोर मात्र कुणी थांबेना. एकशे वीस पेपर खपायचे, त्यांचे तेवीस झाले. पेपरच्या कचेरीतून निरोप आला, "पंचवीस तरी खपले नाहीत, तर एक तारखेपासून गठ्ठा नागभीडच्या पुढे येणार नाही." नीलाबाई घरोघर फिरली. दोन गिऱ्हाइके काही मिळेनात.

त्याच चैत्रात मोहफुले गळत होती. एका सकाळी पानठेलेवाला प्रफुल फोन पुढे करत धावत आला.

"बाई, हे पाहा! आपल्या नाल्यावर वाघ! सगळ्या ग्रुपवर आला हाये. तुमच्या पेपरात नाई ना? म्हणूनच कोणी घेत नाई पेपर!"

तो टोमणा तिला लागला. मित्रांनो, त्या दिवशी तिने सासऱ्यांचा नियम मोडला. माझ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले, 'नाल्यावर वाघ. मोह वेचायला जाऊ नये.' कित्येक महिन्यांनी माझ्यासमोर गर्दी जमली. खोटे कशाला सांगू, मलाही आनंद झाला.

चार दिवस जंगलात कुणी गेले नाही. पाचव्या दिवशी रुखमा आली, रिकामी टोपली घेऊन. वर्षातून एकदाच गळणारा मोह तिचा घरसंसार चालवतो.

"बाई, चार दिवसाचा मोह गाईढोरांनं खाल्ला. कसा वाघ हाये तो, मले तं दाखव."

रुखमाला वाचता येत नाही. तिच्याजवळ फोनही नाही. नीलाबाईने आपल्या फोनवर चित्र दाखवले. सारे गाव वाघाकडे पाहत होते. रुखमाने झाडांकडे पाहिले.

"काऊन वं, हे नारळाचं झाड आपल्या नाल्यावर कधी उगवलं?"

नीलाबाईचा चेहरा उतरला. तिने नागभीडच्या आदेश नावाच्या बातमीदाराला फोन केला. तो मोटारसायकलने आला, वनरक्षकाला घेऊन पूर्ण नाला चालला आणि दोघांनी ओल्या रेतीत ठसे शोधले. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आले : चित्र दुसरीकडचे आहे; नाल्यावर ठसे नाहीत; तरी उजाडल्यावरच आणि घोळक्याने जावे.

नीलाबाईने ती बातमी लिहिली. तिच्या वर लिहिले, 'वाघाची बातमी मी न पाहता लिहिली. चूक माझी. – नीलाबाई.' चूक चार दिवस राहिली, म्हणून हे वाक्यही तिने चार दिवस पुसले नाही.

प्रफुल हसला. "फोनवाले कधी माफी मागत नाई, तुम्ही काऊन मागून राह्यल्या?"

"फोनवाल्याचं घर कोनाले माहीत हाये, भाऊ? माहं घर सगळ्यायले माहीत हाये."

 जाताना प्रफुलने ठेल्यासाठी रोजचा एक पेपर लावला. चोवीस झाले.

पण चोवीस म्हणजे पंचवीस नव्हेत. एक तारखेला बस आली, गठ्ठा आला नाही. आता नीलाबाई स्वतः पहाटेच्या बसने नागभीडला जाते आणि चोवीस पेपर छातीशी धरून परत येते. माझ्यावर बातम्या सातऐवजी दहाला उमटतात. जंगलातून परतलेल्या बाया टोपल्या उतरवून तिची वाट पाहतात. रुखमा विचारते, "आज काय हाये, बाई?"

नीलाबाईचे गुडघे दुखतात. किती दिवस ती अशी जाईल, मला ठाऊक नाही. मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. बातमी कुठूनही येवो, पुढे पाठवण्याआधी विचारा, 'हे कुणी जाऊन पाहिले?' आणि जो जाऊन पाहतो, त्याचा पेपर आपल्या घरी येऊ द्या. आमच्या गावात अजून एकच घर कमी पडते आहे.