फोनोचं कपाट

माझ्या थोरल्या भावाला, आण्णाला, गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, भजन सुरू झालं की दुसऱ्या ओळीला त्याची मान छातीवर पडायची. त्यामुळे दुसरी मोठी लढाई संपली त्याच्या पुढच्या साली, ऐन पावसात, तो सांगलीला, मी मास्तर होतो त्या शाळेच्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "धन्या, एक फोनो घ्यायचा हाय. चांगला बगून दे," तेव्हा मला हसूच आलं. म्हटलं, पायगोंडा पाटलांना म्हातारपणी चैन सुचली. तो काही हसला नाही.

"चंदनसाठी पायजे," तो म्हणाला.

मग माझंही हसू गेलं.

चंदनबाला ही आण्णाची एकुलती एक मुलगी. आमची वहिनी ती रांगत असताना गेली. आण्णानं दुसरं लग्न केलं नाही, पोरीला डोक्यावर बसवून वाढवली, आणि कडेगावच्या बाजूला चांगलं घर बघून दिली. जावई हौशी होता. त्याच्याकडे पेटीचा फोनो होता, संध्याकाळी दोघं ओसरीवर बसून तबकड्या ऐकायची. तो विषमज्वरानं गेला आणि पोर एक ट्रंक घेऊन परत आली. त्यानंतर ती घरात होती, पण असून नसल्यासारखी. त्या पावसाळ्यात शेजारच्या गावात आर्यिकांचा, म्हणजे आमच्या साध्वींचा, चातुर्मास होता. चंदन रोज प्रवचनाला जायला लागली, आणि एक दिवस तिनं बापाला सांगितलं, की मी दीक्षा घेणार.

आण्णा तिला नको म्हणाला नाही. आमच्यात बापानं नको म्हणायचं कसं? गावातले लोक येऊन त्यालाच भाग्यवान म्हणत होते, कुळाचा उद्धार झाला म्हणत होते. दीक्षेत केस हातानं उपटतात; पोटच्या पोरीचं ते होताना जो रोज मनात बघत होता, त्याला भाग्यवान म्हणणाऱ्या माणसांची मला अजून चीड येते. आण्णानं एवढंच मागितलं, "दिवाळीपतुर थांब." चंदन बरं म्हणाली. तेवढ्या मुदतीत तिला घरात परत आणायची, हा त्याचा बेत होता.

सांगलीच्या दुकानात कर्ण्याचे फोनो होते, ते आण्णाला पसंत पडले नाहीत. कपाटातला, कर्णा आत दडवलेला मोठा फोनो लढाईपासून येत नव्हता. दुकानदार म्हणाला, आतलं यंत्र तेवढं आहे, कपाट तुम्ही करून घ्या. मला ती कटकट वाटली. आण्णाचा चेहरा मात्र उजळला.

"हेच बरं," बाहेर आल्यावर तो म्हणाला. "लाकूड ती निवडंल, रंग ती निवडंल. ज्यात मानसाचं मन गुंतलं, ते टाकून मानूस जात न्हाई रं."

त्यानं कोरेगावहून आकाराम सुताराला आणलं. आकारामनं साताऱ्यात साहेबांच्या बंगल्यांतली टेबलं आणि पियानो पॉलिश करण्यात अर्धी हयात घालवली होती, आणि हे तो बोलता बोलता तीनदा तरी सांगायचा. उसाचा हंगाम लांब होता, म्हणून गुऱ्हाळाच्या रिकाम्या छपरात त्याचं काम मांडलं. आण्णानं पहिल्याच दिवशी अटी घातल्या. जोडाला सरस लावायचा नाही, कारण तो कातडं उकळून करतात. लाकडाच्या खुंट्या मारायच्या. कुठं चामडं नको, हस्तिदंती मूठ नको.

"पाटील, कपाट करायचं का देव्हारा?" आकाराम म्हणाला.

"देव्हाराच समज," आण्णा म्हणाला.

चंदन आधी उंबऱ्यातूनच बोलायची. सागवान की शिसवी, विचारलं तर म्हणाली, कुठलंबी चालंल. आण्णा हटला नाही. दोन्ही लाकडांचे तुकडे तिच्या मांडीवर ठेवले आणि समोर फतकल मारून बसला. बऱ्याच वेळानं तिनं शिसवीचा तुकडा खाली ठेवला. म्हणाली, "ह्यो लय काळा हाय." झालं, सागवान ठरला. मग पाय कसले, सरळ की वाकडे. मग आवाज बाहेर पडायची जाळी. आकारामनं वेल काढून दाखवली, ती तिला आवडली नाही. तिनं कोळसा घेतला आणि छपरातल्या फरशीवर स्वतःच कमळाची जाळी काढली. जाळीमागं कापड लावावं लागतं. साहेब लोक रेशीम लावतात, असं आकाराम म्हणाला. "रेशीम न्हाई," चंदन म्हणाली, "त्यात किडं उकळत्यात." मग साधं सुती कापड आलं, फिकट निळं, तेही तिनंच निवडलं. रंग कसा हवा, तर आकाराम म्हणाला, मधासारखा ठेवू. मध आमच्या घरात नावालाही नसतो. चंदन म्हणाली, "नव्या गुळासारखा करा."

आण्णा मध्येच एकदा सांगलीला आला, काही काम नसताना. माझ्या खोलीत बसला आणि म्हणाला, "धन्या, काल पोर आकारामशी भांडली. कमळाची पाकळी जाड झाली म्हनून." एवढं सांगून तो डोळे पुसायला लागला. परत आल्यापासून दोन वर्षांत तिनं कोणाशी भांडण केलं नव्हतं.

दसऱ्याच्या सुट्टीत मी गावी गेलो. कपाट उभं राहिलं होतं आणि पॉलिशचे हात चालू होते. स्पिरिटचा वास छपरात कोंडला होता. आकाराम कापसाचा बोळा फडक्यात गुंडाळून, पॉलिशमध्ये बुडवून, लाकडावर गोल गोल फिरवत होता. वाळलं की घासायचं, पुन्हा फिरवायचं. चंदन जवळ उभी होती.

"आणखी एक हात द्या," ती म्हणाली.

"ताई, सातारच्या साहेबालाबी मी येवढी चकाकी दिली न्हाई."

"द्या की. अजून नीट दिसत न्हाई."

काय दिसत नाही ते मला कळलं नाही. मग ती कपाटाच्या दारापुढं वाकली. गुळाच्या रंगाच्या त्या लाकडात तिचा चेहरा उमटला होता. विधवा होऊन आली तेव्हापासून तिनं आरशाकडं पाहिलं नव्हतं. ती क्षणभर पाहत राहिली, आणि कपाळावर आलेली एक बट तिनं बोटानं मागं सारली.

आण्णानं माझ्याकडं पाहिलं. माझ्या भावाचा चेहरा इतका सुखी मी त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता. त्या घटकेला मलाही वाटलं, की पोर राहिली.

दुसऱ्या दिवशी भांड्यातलं पॉलिश संपलं, आणि हात अजून बाकी होते. ते लाखेचं असतं हे आण्णाला ठाऊक होतं. पण लाख म्हणजे झाडाचा डिंक, असं तो समजत होता, आणि खरं सांगायचं तर मीही. घराघरात लाखेच्या बांगड्या असतात, पाकिटावर लाखेचा शिक्का असतो; त्याची चौकशी कोण करतो? दुकानात मिळते ती साफ केलेली पातळ चपडी लाख लढाईपासून महाग आणि दुर्मीळ झाली होती. म्हणून आकारामनं पाटणकडच्या रानातली कच्ची लाख मागवून ठेवली होती. दाण्यादाण्यांची, काड्याकचऱ्याची. ती त्यानं स्पिरिटमध्ये भिजत घातली आणि सकाळी गाळायला घेतली.

"द्या, मी गाळते," चंदन म्हणाली. "माझा हात बसलाय त्याच्यावर."

खरंच बसला होता. आमच्या घरात पाण्याचा थेंब गाळल्याशिवाय वापरत नाहीत. दुहेरी फडक्यातून गाळायचं, आणि फडक्यावर जे सूक्ष्म जीव राहतात ते मरू नयेत म्हणून फडकं उलटं करून पुन्हा त्याच विहिरीत सोडायचे. लहानपणापासून तिनं हे रोज केलं होतं. तिनं जुन्या धोतराचं दुहेरी फडकं भांड्याला बांधलं आणि लाखेचं लालसर पाणी सावकाश ओतलं. ओतून झाल्यावर फडकं चार कोपऱ्यांनी उचललं, आणि सवयीनं विचारलं,

"आकारामकाका, हे परत कुठं सोडायचं?"

"काय सोडायचं?"

"हे फडक्यावरचं."

आकाराम हसला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. "आवं ताई, हे काय पान्यातलं जीव हायत व्हय सोडायला? हे लाखंचं किडं. कवाच मेल्यालं."

चंदननं फडक्याकडं पाहिलं. मीही पाहिलं. बारीक, तांबूस फोलपटांचा थर होता. आण्णा पुढं आला, आकारामला हातानं गप्प करायला लागला; पण आकाराम आपल्या विद्येबद्दल बोलायला लागला की त्याला दुसरं काही दिसत नसे.

"पळसाच्या फांदीला बसत्यात बगा. आंगातनं लाख सोडत्यात, सोताभवती घर करत्यात आन त्यातच ऱ्हात्यात. मग मानसं फांद्या तोडत्यात, खरवडून काढत्यात. त्याबिगार चकाकी कुठली?"

"ह्या कपाटाला लय लागलं असतील," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता.

"मोजतंय कोन? तुमीच तर सारकं म्हनत व्हता, आणखी एक हात द्या, आणखी एक हात द्या. म्हनून तर आसं झालंय," तो कौतुकानं म्हणाला. "आन तबकड्याबी लाखंच्याच की."

चंदननं फडक्याची घडी केली, ती दोन्ही हातांत धरली, आणि परड्यातल्या झाडाखाली नेऊन ठेवली. मग विहिरीवर बराच वेळ हात धूत राहिली. लाखेचा रंग लवकर जात नाही.

त्या दुपारी आण्णा वेड्यासारखा झाला. आकारामला म्हणाला, सगळं खरवडून काढ. आकारामचे डोळे भरून आले. म्हणाला, पाटील, हे माझ्यानं व्हनार न्हाई, मजुरी नको पण हे सांगू नका. तो आपली हत्यारं गुंडाळून कोरेगावला निघून गेला. मग आण्णा स्वतः काचेचा तुकडा घेऊन बसला. मी मदतीला गेलो तर माझ्यावर खेकसला. काही दिवस तो खरवडत होता. बोटं कापली, कमळाच्या पाकळ्या बोथट झाल्या, दारं चट्ट्यापट्ट्यांची झाली. वर त्यानं जवसाचं तेल चोळलं. नव्या गुळाचा तो रंग गेला आणि कपाट माजघरातल्या जुन्या फळीसारखं दिसायला लागलं.

मग त्यानं चंदनला हाक मारली. मी तिथंच होतो.

"बग," तो म्हणाला. "आता नुसतं तेल हाय. जवसाचं. ह्यात कोन मेलं न्हाई. तबकड्याबी नकोत आपल्याला. नुसतं कपाट असू दे. तू त्यात तुजी पुस्तकं ठेव."

चंदननं बापाचे कापलेले हात पाहिले. ती त्याच्याजवळ बसली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा रडली.

"आप्पा," ती म्हणाली, "मला ते आवडलं व्हतं. लय आवडलं व्हतं. मीच मागत गेले."

"तुला कुठं म्हाईत व्हतं?"

"म्हाईत न्हाई म्हनून काय त्ये जगलं? तुमी मला ठेवायला म्हनून कायबाय आनत ऱ्हाशिला, आन त्यात कायतरी मेल्यालं असंलच. मी घरात हाय तवर तुमी थांबायचा न्हाई."

तिला घरात आणायला आण्णानं जे जे केलं होतं, त्यामुळंच ती उठून चालली होती. एखाद्या माणसाच्या मायेचं असं वाटोळं झालेलं मी दुसरं पाहिलं नाही.

दिवाळी झाली. मांडव उभा राहिला, लांबलांबून गाड्या आल्या. दीक्षेच्या आधी घरच्यांची संमती विचारतात, साऱ्या लोकांसमक्ष. आण्णा उभा राहिला. मी त्याच्या शेजारी होतो आणि मनातून ओरडत होतो, की नाही म्हण, एकदा नाही म्हण, होईल ते होईल. तो "हाय" म्हणाला, पण कोणाला ऐकू गेलं नाही. लोक म्हणाले, मोठ्यानं बोला. मग तो पुन्हा म्हणाला, "माजी संमती हाय." लोकांनी जयजयकार केला. केस काढायला सुरुवात झाली तेव्हा मी मांडवाबाहेर गेलो. आण्णा बसून राहिला. शेवटपर्यंत त्यानं मान वळवली नाही, असं नंतर मला लोकांनी सांगितलं, तेही कौतुकानंच.

दोन वर्षं ती कुठल्या गावी आहे, एवढंच कानावर यायचं. मग एका हिवाळ्यात तिचा साध्वींचा संघ आमच्या गावावरून पुढं जाणार असल्याचं कळलं. एक मुक्काम होता. आण्णानं मला बोलावून घेतलं.

आहाराची वेळ झाली की साध्वी गावातून निघतात. ज्याला जेवू घालायचं असेल त्यानं आंघोळ करून, सोवळ्यानं स्वयंपाक करून, हातात कलश आणि वर नारळ धरून दारात उभं राहायचं आणि विनंती करायची. साध्वींनी मनात काही खूणगाठ बांधलेली असते, की आज दारात अमुक दिसलं तरच आहार घ्यायचा. ती कोणाला सांगत नाहीत. ती जिथं जुळेल त्या दारात थांबायचं, नाही जुळली तर पुढं जायचं. आण्णानं भल्या सकाळी उठून स्वतः रांधलं. लहानपणी तिला आवडायची ती ज्वारीच्या कण्यांची पेजही केली. ओल्या धोतरात तो दारात उभा राहिला.

ती आली. पांढरं वस्त्र, हातात मोरपिच्छी, नजर चार हात पुढच्या जमिनीवर. फार वाळली होती. मी ओळखलं ते चालण्यावरून.

आण्णानं मान झुकवली. पोटच्या मुलीला तो म्हणाला, "वंदामि माताजी." आणि मग, दारात उभ्या असलेल्या प्रत्येकानं म्हणायचे असतात तेच शब्द, "अत्र तिष्ठ, तिष्ठ." इथे थांबा, थांबा.

ती आमच्या दारापुढं आली. क्षणभर पाय मंदावले, असं मला वाटलं. आण्णाला विचारायची माझी छाती झाली नाही. मग ती पुढं गेली. पलीकडच्या घरी नवरा-बायको जोडीनं उभी होती, तिथंही ती थांबली नाही. गल्लीच्या टोकाला वळली आणि दिसेनाशी झाली.

"तिष्ठ, तिष्ठ," आण्णा म्हणत होता. गल्ली रिकामी झाली, शेजारचे लोक कलश घेऊन आत गेले, तरी तो म्हणतच होता. शेवटी मी त्याच्या हातातला कलश काढून घेतला.