खिडकीतली रिकामी जागा

तीनशे बारा किराणा दुकानांतले सगळे तिला ताई म्हणत. गल्ल्यावरच्या मुली, मालाच्या गाड्यांचे चालक, कंपनीचा खडूस वकीलसुद्धा. जिची ती खरीखुरी ताई होती, त्या धाकटीने मात्र एकतीस वर्षांत तिला हाक मारली नव्हती.

कंपनीला चाळीस वर्षं होणार, म्हणून बोधचिन्हाच्या इतिहासाची पुस्तिका छापायचं ठरलं. प्रसिद्धी विभागातली मुलगी कागदांचा गठ्ठा घेऊन ताईच्या खोलीत आली. खोली ऐसपैस होती, पण तिथे चहा एकाच कपाचा येई. हिरवा चौकोन म्हणजे खिडकी, तिच्यातला डावीकडचा पिवळा गोल म्हणजे उगवता सूर्य आणि उजवीकडची मोकळी जागा म्हणजे उद्याच्या संधी, असे अकलेचे तारे सल्लागारांनी तोडले होते. नव्या चिन्हात त्यांनी गोल मधोमध आणला होता, कारण जागा फुकट जात होती म्हणे. ताईने फक्त सही करायची होती. तिने पेन उचललं आणि तसंच खाली ठेवलं.

सूर्यबिर्य काही नव्हता तो. ते तिचं डोकं होतं. पहिल्या दुकानाच्या खिडकीत दोघी बहिणी खांद्याला खांदा लावून बसत. धाकटीने एकदा कागदी पिशवीवर ती खिडकी काढली, आत दोन चेहरे, खाली 'हाकेच्या अंतरावर'. तेच पाटीवर गेलं. नऊ वर्षं बरी गेली. मग ताईच्या डोक्यात दुसऱ्या दुकानाचं खूळ शिरलं. धाकटीला एकच पुरे होतं. "तुझी दुकानं तुला लखलाभ," असं म्हणून ती निघून गेली आणि ताईने रागाच्या भरात रंगाऱ्याला उजवा चेहरा पुसायला लावला. उरलेला मधे घेऊ का, असं त्याने विचारलं. राहू दे, ताई म्हणाली, येईल आठ दिवसांत नाक मुठीत धरून.

ती आली नाही. पुढे चिन्ह चारदा बदललं. नाकडोळे गेले, रंग पालटले, पण ती जागा ताईने कुणाला भरू दिली नाही आणि त्याचं कारणही कुणाला सांगितलं नाही.

सगळ्यात पहिलं चिन्ह सापडत नाही, मुलगी म्हणाली, 'चित्र उपलब्ध नाही' असं छापू का? आजवर दरवेळी ताईने हो म्हटलं होतं. आज ती उठली आणि तिने कपाटातून पिवळी पडलेली पिशवी काढून दिली.

"ही दुसरी कोण?"

"माझी धाकटी बहीण. मी पुसली तिला."

मुलीने वही उघडून पत्ता विचारला, पुस्तिकेची पहिली प्रत बहिणीला पाठवायला. तीनशे बारा दुकानांचे पत्ते ताईला तोंडपाठ होते. हा नव्हता. धाकटी आहे की नाही, हेही तिला माहीत नव्हतं. तिला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही.

सल्लागारांच्या कागदावर तिने आडवी रेघ मारली.

"हेच लाव सगळ्या पाट्यांवर, दोघींचं," ती म्हणाली. "ती कुठेही असली, तरी आपलं एखादं दुकान तिच्या जवळपास असेलच. मीठ संपलं म्हणून तरी येईल."